ग्रंथपालाचा कोर्स करायचाय? आधी बोईसरचं हे गणित बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअरच्या ग्रुपवर ठरलेले प्रश्न येतात. आयटीआय करू की डिप्लोमा? फार्मसीला स्कोप आहे का? त्यात एखादा प्रश्न असाही असतो की, पुस्तकांची आवड आहे, लायब्ररीत काम करायचंय, त्यासाठी कुठला कोर्स करावा लागतो? या प्रश्नाला बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर मिळतं, 'बी.लिब. कर'. उत्तर चुकीचं नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी गोष्ट पगाराची आहे आणि ती कोर्सच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

आपण ही गोष्ट बोईसरमध्ये उभं राहून बघू. एका बाजूला तारापूरची एमआयडीसी, पलीकडे १९६९ पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र, बुलेट ट्रेनच्या नकाशावर बोईसर नावाचं स्टेशन, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. दोन स्टेशनं अलीकडे पालघर, जे १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचं ठिकाण आहे. इथल्या एखाद्या मुलीने ठरवलं की आपण गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल व्हायचं, तर पुढे काय होतं?

शिक्षणाची वाट तशी सोपी आहे

पहिली पायरी प्रमाणपत्राची. राज्याचं ग्रंथालय संचालनालय सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची परीक्षा घेतं आणि त्याचे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ चालवतात. दहावी झालेल्यालाही हा कोर्स करता येतो. गावोगावच्या वाचनालयांत आज बसलेले बरेचसे ग्रंथपाल याच वर्गातून आलेले आहेत. काहींनी तर आधी नोकरी धरली आणि प्रमाणपत्र नंतर मिळवलं.

दुसरी पायरी बी.लिब., म्हणजे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी. कुठल्याही शाखेची पदवी झाली की त्यावर एक वर्ष. त्यापुढे आणखी एक वर्ष एम.लिब. पालघर जिल्ह्यातल्या मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठाचा चर्चगेटचा विभाग हा जुना पर्याय आहे. १९६१ पासून तिथे हा विषय शिकवला जातो. २०१३ मध्ये चर्चगेटच्या लोकल डहाणूपर्यंत यायला लागल्यापासून बोईसरहून एका गाडीत थेट जाता येतं, दोन-सव्वादोन तास उभं राहायची तयारी असेल तर. नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू घरबसल्या बी.लिब. देतात. नोकरी करून शिकणाऱ्यांची पसंती बहुधा यांनाच असते.

म्हणजे शिक्षण दुर्मिळ नाही, फार महागही नाही.

या कोर्समध्ये शिकवतात तरी काय?

'पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, त्याला कोर्स कशाला?' हा टोमणा प्रत्येक ग्रंथपालाने कधी ना कधी ऐकलेला असतो. बहुतेक वेळा घरातच.

भारतात हे काम शिकवायला सुरुवात झाली ती एका मराठी राजाच्या संस्थानात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि १९११ मध्ये तिथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पुढे मद्रासला गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून आले आणि भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पायाच घातला. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आपण राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो.

वर्गात मुख्यतः वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, व्यवस्थापन आणि आता संगणक हे विषय असतात. वर्गीकरण म्हणजे प्रत्येक विषयाला क्रमांक देणं. डयुईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे. त्यापुढे १ लावला की कविता, ३ लावला की कथा-कादंबरी. तालिकीकरणात पुस्तकाची नोंद अशी करायची की वाचक कुठूनही आला तरी त्याला ते सापडावं. कुणी 'कुसुमाग्रज' म्हणून शोधेल, कुणी 'शिरवाडकर' म्हणून. दोघांनाही पुस्तक मिळालं पाहिजे. यातलं बरंचसं आता एनआयसीच्या 'ई-ग्रंथालय'सारख्या किंवा 'कोहा'सारख्या संगणक प्रणालीत होतं, पण निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

संदर्भसेवा मात्र पालघरसारख्या ठिकाणी वेगळीच होऊन बसते. २०१८ च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह पहिल्या क्रमांकावर होतं. (हा क्रमांक मिरवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.) आपल्या गावच्या पाण्यात काय आहे, हरित लवादाने काय म्हटलं, मंडळाचा अहवाल कुठे मिळतो, हे एखाद्या मच्छीमाराला विचारायचं असेल तर तो कुणाकडे जाणार? ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींच्या घरातला. भूसंपादनाची नोटीस हातात पडल्यावर तिचा अर्थ काय, हरकत कुठे नोंदवायची, राजपत्र कसं काढायचं? आज लोक हे व्हॉट्सॲपवर विचारतात आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवतात. प्रशिक्षित ग्रंथपालाचं काम या प्रश्नावर मत देण्याचं नाही. मूळ कागद शोधून समोर ठेवायचा, एवढंच. पण तेवढं करणारं माणूस गावात असणं आणि नसणं यात मोठा फरक आहे.

दुसरं काम संग्रहाचं. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ३० लाख, त्यात ३७ टक्क्यांच्या आसपास आदिवासी. वारली, कातकरी, वाडवळी, मांगेली अशा बोली, आणि बोईसरच्या चाळींत हिंदी, भोजपुरी, गुजराती, उडिया. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' याच मातीतलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते इथलंच. जिव्या सोमा म्हसे इथल्याच गंजाडचे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये पाच जण हुतात्मा झाले. यावरचं साहित्य, जुनी कात्रणं, शाळांच्या स्मरणिका एका कपाटात गोळा करणं हे पालघरच्याच ग्रंथपालाला जमेल. मुंबईतलं मोठं ग्रंथालय ते आपल्यासाठी करणार नाही.

आता या कामाचे पैसे किती मिळतात, ते बघू.

महिना २ हजार रुपये?

महाराष्ट्रात ११ ते १२ हजार शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत आणि त्यात २१ हजारांच्या आसपास कर्मचारी. पण मेख अशी आहे की यातली जवळपास सगळी वाचनालयं सरकारची नाहीत. ती गावातल्या संस्थांची आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था, तिची कार्यकारिणी, आणि त्या कार्यकारिणीने नेमलेला ग्रंथपाल. सरकार फक्त अनुदान देतं.

हे अनुदान वर्गावर ठरतं. पुस्तकं किती, सभासद किती, वाचनालय किती वेळ उघडं असतं, यावरून अ, ब, क, ड असे वर्ग. त्यातही जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय आणि 'इतर' असे तीन गट. २०१२ ला ठरलेले दर दहा वर्षं तसेच राहिले. २०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने त्यात ६० टक्के वाढ केली.

६० टक्के हा आकडा ऐकायला भारी वाटतो. आता तो उलगडू. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला आधी वर्षाला ३० हजार मिळायचे, वाढीनंतर ४८ हजार. नियम असा की अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा पुस्तकं, भाडं, वीज अशा इतर खर्चावर. म्हणजे वेतनाला वर्षाचे २४ हजार. महिन्याला २ हजार रुपये. वाढीच्या आधी हेच १,२५० रुपये होते. यावर उद्या आणखी ४०-५० टक्के चढले तरी आकडा ३ हजारांच्या पुढे जात नाही. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर लागलेल्या हेल्परचा पगार याच्या कितीतरी पट असतो.

मोठं वाचनालय असेल तर? 'इतर' गटातल्या 'अ' वर्गाचं अनुदान २ लाख ८८ हजारांवरून ४ लाख ६० हजार ८०० वर गेलं. निम्मं वेतनाला, म्हणजे महिन्याला १९,२०० रुपये. हे एका माणसाचे नव्हेत, ग्रंथपाल, सहायक, लिपिक, शिपाई अशा सगळ्यांचे मिळून. २०२२ च्या वाढीनंतर राज्यात सगळ्यात वरचा दर जिल्हा ग्रंथालय 'अ' वर्गाचा होता, वर्षाला ११ लाख ५२ हजार. त्यातला वेतनाचा भाग महिन्याला ४८ हजार होतो. एखाद्या अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपालाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० आहे. म्हणजे अख्ख्या जिल्हा ग्रंथालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून सरकारने या दराने जितकं दिलं, त्यापेक्षा कॉलेजातल्या एका ग्रंथपालाचं मूळ वेतन जास्त.

अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं. तो हप्ता वेळेवर आला तर पगार वेळेवर. संस्था स्वतःच्या वर्गणीतून, देणग्यांतून भर घालू शकते आणि काही जुन्या, सधन संस्था घालतातही. पण लहान गावातल्या वाचनालयाची मासिक वर्गणी किती असते, ते तुम्हाला माहीत आहे.

बोईसर 'इतर' का?

इथे बोईसरची स्वतःची अडचण सुरू होते. बोईसर ना जिल्ह्याचं ठिकाण, ना तालुक्याचं. ते पालघर तालुक्यातलं एक गाव आहे. कारखाने, परप्रांतीय कामगार, इमारती, सगळं शहरासारखं, पण अनुदानाच्या तक्त्यात 'इतर'. तीनशे उंबऱ्यांच्या गावातलं 'क' वर्गाचं वाचनालय आणि बोईसरमधलं 'क' वर्गाचं वाचनालय यांना एकच दर.

त्यात एक योगायोग वाईट जुळून आला. २०१२ मध्ये राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावरची वाचनालयं शोधून काढायची होती, हेतू चुकीचा नव्हता. पण त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल बरीच वर्षं थांबले. पालघर जिल्हा जन्माला आला तो नेमका याच काळात, २०१४ मध्ये. ठाणे जिल्ह्याच्या वाटणीत जुनी, भक्कम ग्रंथालयं पलीकडे राहिली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. नव्या जिल्ह्याला कोळगावात देखणं मुख्यालय मिळालं, पण वाचनालयांची वाढ व्हायची वेळ आली तेव्हा तिचं दार बंद होतं.

हे असं का ठरलं?

उत्तर १९६७ च्या कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम त्या वर्षी झाला. त्याआधी मद्रासने १९४८ मध्ये आणि कर्नाटकाने १९६५ मध्ये असे कायदे केले होते आणि दोन्हीकडे ग्रंथालय उपकर ठेवला होता. घरपट्टीसोबत थोडी रक्कम वाचनालयासाठी गोळा करायची, त्यातून सार्वजनिक ग्रंथालयं चालवायची आणि त्यांचं प्रशासन सरकारी यंत्रणेकडे ठेवायचं. महाराष्ट्राने उपकर घेतला नाही. आपल्याकडे लोकांनी उभारलेल्या वाचनालयांची परंपरा मोठी होती, तिला हात न लावता अनुदान द्यावं, असा विचार झाला.

त्या विचाराचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. इतक्या गावांत वाचनालयं पोहोचली ती त्यामुळेच. पण किंमत मोजली ती टेबलामागे बसलेल्या माणसाने. तो सरकारी कर्मचारी नाही, कारण त्याला संस्थेने नेमलंय. संस्था म्हणते, सरकार जितकं देतं तितकंच आम्ही देणार. आधी प्रभा राव समिती आणि नंतर व्यंकप्पा पत्की समिती, दोन्ही समित्यांनी या कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा विचार केला. त्या शिफारशी लागू करा, अशी मागणी घेऊन कर्मचारी संघटना अजूनही मोर्चे काढतात. दरवर्षी रंगनाथनांच्या नावाने सरकार चांगल्या ग्रंथालय सेवकांना पुरस्कार देतं, तो मात्र नियमाने चालू आहे.

माझ्या मते उपकराचा मुद्दा तारापूरसारख्या ठिकाणी पुन्हा काढण्यासारखा आहे. इथे मालमत्ता कराच्या कक्षेत हजारो कोटींचे कारखाने येतात. त्या करावर अगदी लहानसा उपकर असता, तर बोईसरच्या वाचनालयाला 'इतर' या शब्दाशी झगडावं लागलं नसतं. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांत कुठल्याही पक्षाने याला हात घातलेला नाही. नवा कर कुणालाच नको असतो, हे खरं.

मग कोर्स करूच नये का?

करा, पण वाट कुठे फुटते ते आधी समजून घ्या. फक्त प्रमाणपत्रावर थांबलात तर गावचं वाचनालय किंवा शाळा हेच पर्याय उरतात. अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपालाचं पद विद्यार्थिसंख्येवर ठरतं. मोठ्या शाळेत पूर्णवेळ, मध्यम शाळेत अर्धवेळ, लहान शाळेत शून्य. शिक्षकेतर पदांच्या आकृतिबंधाचा घोळ वेगळाच, त्यात पद रिकामं झालं तरी भरलं जाईल याची खात्री नसते.

बी.लिब. केलंत तर केंद्राच्या जाहिराती खुल्या होतात. आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य आदर्श निवासी शाळांच्या २०२३ च्या भरतीत ग्रंथपालांच्या ३६९ जागा होत्या, मूळ वेतन ४४,९०० पासून. अशा शाळा पालघर जिल्ह्यातही आहेत, मात्र नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. अणुऊर्जा विभागाच्या शाळांमध्येही ग्रंथपाल लागतो आणि तारापूरलाही त्यांची शाळा आहे. एम.लिब. ५५ टक्क्यांनी आणि वर नेट किंवा सेट झालं तर महाविद्यालयाचा रस्ता. तिथेही विनाअनुदानित संस्थांचा पगार वेगळा आणि अनुदानित संस्थांचा वेगळा, ते विचारून घ्या. संचालनालयाची स्वतःची पदं, म्हणजे जिल्हा ग्रंथालय अधिकारी वगैरे, थोडी आहेत आणि जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही.

याचा परिणाम असा की जितकं जास्त शिकाल तितके तुम्ही सार्वजनिक वाचनालयापासून लांब जाता. बोईसरची मुलगी एम.लिब. करून एखाद्या कॉलेजात जाते आणि तिच्या गावच्या वाचनालयात २-३ हजारांवर टिकतं ते निवृत्त माणूस, गृहिणी, किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता किल्ल्या सांभाळणारा मुलगा. त्यांच्यामुळेच वाचनालय उघडं आहे, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण भूसंपादनाची नोटीस घेऊन आलेल्या माणसाला राजपत्र शोधून द्यायची अपेक्षा त्यांच्याकडून कशी करणार?

हे सगळं माहीत असूनही गावच्याच वाचनालयात काम करायचं असेल, तर कार्यकारिणीला चार गोष्टी विचारा. वाचनालयाचा वर्ग कोणता आणि कर्मचारी किती. नेमणुकीचं पत्र लेखी मिळेल का. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर पगार कशातून होईल. आणि वर्गबदलाचा प्रस्ताव शेवटचा कधी पाठवला. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. वर्ग वाढतो तो तपासणीच्या वेळी दाखलनोंद वही, सभासद नोंदवही आणि देवघेवीच्या नोंदी चोख असल्या तर, आणि नेमकं तेच प्रमाणपत्राच्या सहा महिन्यांत शिकवलेलं असतं. २०२२ च्या दरांनुसार 'ड'चं 'क' झालं की अनुदान ४८ हजारांवरून १ लाख ५३ हजार ६०० वर जायचं. वाढलेल्या वेतनाच्या भागातून आपल्याला किती, हे रुजू होण्याआधीच ठरवून घ्या, तेही लेखी.